हात, हस्त आणि जपानी चेंडू

पन्नाशी उलटल्यावर मी जपानी शिकायला बसलो. गुरू नाही, वर्ग नाही. एक कोश आणि एक वही. रोज दहा कांजी, म्हणजे चीनमधून जपानीत आलेली अर्थवाहक अक्षरे, घोटायची आणि आठवड्याने त्यांतली आठ विसरायची, असे वर्षभर चालले. जपान सरकारने नित्य वापरासाठी ठरवलेल्या कांजी २,१३६ आहेत. माझ्या वयाला हा हिशेब जुळणारा नव्हता.

वाट सापडली ती बेसबॉलच्या एका वाक्यात: ‘तोशु गा तामा ओ नागेता.’ गोलंदाजाने चेंडू फेकला. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम थेट मराठीचा. कर्त्यापुढे ‘गा’, कर्मापुढे ‘ओ’, आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे.

‘तोशु’ दोन कांजींनी लिहितात: ‘फेकणे’ आणि ‘हात’. फेकणारा हात तो गोलंदाज. ‘नागेता’च्या आरंभी तीच ‘फेकणे’ची कांजी पुन्हा येते, पण उच्चार ‘तो’ नव्हे, ‘ना’. ‘हात’ही एकटा असला की ‘ते’, जोडशब्दात बहुधा ‘शु’.

या दुहेरी उच्चारांनी मी वैतागत असे. मग लक्षात आले, आपणही ‘हात’ म्हणतो, पण ‘हस्ताक्षर’ लिहितो. जपानीतही सुटा शब्द बहुधा देशी उच्चाराचा, जोडशब्द चिनी वळणाचा. साम्य मात्र इथवरच. ‘हात’ हा ‘हस्त’ झिजूनच झाला. ‘ते’ आणि ‘शु’ यांचे रक्ताचे नाते नाही. एका अक्षराने त्यांना एकत्र नांदायला लावले.

चेंडूचेही तसेच. एकटा तो ‘तामा’; बेसबॉलच्या ‘याक्यू’ या नावात ‘क्यू’. ‘माळ’ आणि ‘चेंडू’ मिळून झालेला हा शब्द १८९४ मध्ये चूमान कानाए यांनी बेसबॉलसाठी योजला. त्याआधी, १८९० मध्ये, बेसबॉलवेडे हायकूकार मासाओका शिकी यांनी हीच दोन अक्षरे टोपणनाव म्हणून घेतली होती. त्यांचा उच्चार ‘नो-बोरु’: माळाचा देशी ‘नो’ आणि इंग्रजी ‘बॉल’. शिकींचे घरचे नाव होते नोबोरु!

आता मी याद्या घोटत नाही. ‘फेकणे’च्या डाव्या अंगाला हाताची खूण असते, तीच ‘पकडणे’ आणि ‘टोलावणे’ यांतही दिसते. परवा एका जपानी मथळ्यात ‘पकडणे’ आणि ‘हात’ शेजारी दिसले. कोश न उघडता वाचले: ‘होशु’. आपल्या यष्टिरक्षकाचा बेसबॉलमधला भाऊ.