'परमिशन डिनाइड': नकार नेमका कुणाला?

प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर काही प्रोग्रॅम असे चालू असतात, ज्यांची विंडो स्क्रीनवर कधीच दिसत नाही. सेन्सरचे आकडे रात्रंदिवस साठवणारा डेटाबेस त्यातलाच. अशा प्रोग्रॅमला 'सर्व्हिस' म्हणतात.

समजा, उबंटूवर मायएसक्यूएल चालू आहे. डिस्क भरली म्हणून तुम्ही डेटाचा फोल्डर नव्या डिस्कवर हलवलात, सेटिंगमध्ये नवा पत्ता लिहिलात आणि सर्व्हिस सुरू केलीत. उत्तर आलं: एरर 13, 'परमिशन डिनाइड'. तिकडे सेन्सर चालूच आहे, पण आकडे कुठेच उतरत नाहीयेत. हे हुकलेले तास नंतर भरून काढता येत नाहीत. म्हणून घाई होते, आणि घाईतच चुकीचे उपाय सुचतात.

तुम्हाला नाही, तिला नकार

"पण मी तर अ‍ॅडमिन आहे, मला फोल्डर उघडतोय की!" खरी गोम इथेच आहे. सर्व्हिस सुरू करायचा हुकूम तुम्ही देता, पण ती चालते 'मायएसक्यूएल' नावाच्या वेगळ्या युजरच्या नावाने. हे मुद्दाम केलेलं असतं. जेरोम साल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी 1975 साली एका शोधनिबंधात हे तत्त्व मांडलं: प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरतेच अधिकार द्यावेत. म्हणजे उद्या कुणी डेटाबेसमध्ये घुसलं, तरी बाकीचा कॉम्प्युटर त्याच्या हाती लागत नाही.

तेव्हा तपास त्या युजरच्या नावाने करायचा. आधी 'जर्नलसीटीएल' कमांडने लॉग वाचा आणि नेमका कोणता पत्ता अडला ते बघा. मग 'सुडो'ला 'यू' हा पर्याय देऊन, मायएसक्यूएल युजर म्हणून त्या फोल्डरची यादी मागा. इथेही नकार आला, तर दोष फाइलींच्या परवानग्यांत आहे. यादी दिसली, तर निदान रस्ता मोकळा आहे. मग मालकी आणि लिहिण्याची परवानगी तपासा.

वाटेतली दारं

फोल्डरची मालकी बरोबर असली, तरी तिथवर पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर 'एक्स', म्हणजे आत जाण्याची परवानगी लागते. फ्लॅटची किल्ली आहे, पण सोसायटीचं गेट बंद, तशातली गत. उबंटूच्या डेस्कटॉपवर बाहेरून जोडलेली डिस्क 'मीडिया' फोल्डरखाली तुमच्या नावाच्या फोल्डरात उघडते, आणि त्या फोल्डरात फक्त तुम्हालाच प्रवेश असतो. सर्व्हिस तिथेच अडते. 'नेमआय' कमांडला 'एल' पर्याय दिला की वाटेतलं प्रत्येक दार, त्याचा मालक आणि परवानग्या एकाखाली एक दिसतात. यावर उपाय म्हणजे 'एफएसटॅब' फाइलमध्ये नोंद करून डिस्क 'एसआरव्ही'सारख्या सामायिक जागी कायमची जोडणं.

डिस्क जुन्या कॉम्प्युटरवरून आणली असेल तर आणखी एक गंमत होते. लिनक्स डिस्कवर मालकाचं नाव लिहीत नाही, फक्त नंबर लिहितं. तोच नंबर नव्या कॉम्प्युटरवर भलत्याच युजरचा असू शकतो. अशा वेळी 'सीएचओन'ने मालकी नव्याने लावावी लागते.

दुसरा पहारेकरी

इतकं करूनही एरर 13 तसाच? मग अ‍ॅपआर्मरकडे वळा. फाइलींच्या परवानग्या मालकाच्या मर्जीवर असतात, पण अ‍ॅपआर्मरचे नियम प्रोग्रॅमला लागू होतात, फाइलचा मालक कुणीही असो. मायएसक्यूएलने कोणत्या पत्त्यांना हात लावायचा, याची यादी त्याच्याकडे असते, आणि तुमचा नवा पत्ता त्यात नसतो. कर्नलच्या लॉगमध्ये 'अ‍ॅपआर्मर' आणि 'डिनाइड' हे शब्द एकाच ओळीत दिसले की समजा, इथेच अडलंय. त्याच्या 'लोकल' फोल्डरातल्या मायएसक्यूएलच्या फाइलमध्ये नवा पत्ता लिहा आणि अ‍ॅपआर्मर रीलोड करा. फेडोरा किंवा रेड हॅटवर हेच काम एसईलिनक्स करतं. तिथे प्रत्येक फाइलला लेबल असतं, आणि 'एमव्ही'ने हलवलेली फाइल जुनंच लेबल घेऊन येते.

777 नको

"सीएचमॉड 777 करून टाक" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. त्याने सगळ्यांना सगळं खुलं होतं. पण अ‍ॅपआर्मरला त्याने काडीचाही फरक पडत नाही. मायएसक्यूएलची सेटिंगची फाइल कुणालाही बदलता येण्यासारखी असेल, तर मायएसक्यूएल ती वाचतच नाही. पोस्टग्रेसक्यूएल तर असा डेटा फोल्डर दिसला की सुरूच होत नाही. शिवाय सामायिक कॉम्प्युटरवर तुमच्या प्रबंधाचा डेटा कुणाच्याही हातून पुसला जाऊ शकतो, तो भाग वेगळाच.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: लॉग, युजर, वाट, मालकी, पहारेकरी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदल प्रयोगाच्या वहीत लिहून ठेवा. सर्व्हिस सुरू झाली की कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करून बघा आणि नवे आकडे खरंच उतरताहेत ना, याची खात्री करूनच घरी जा.