शॅमेलिऑनचे पिल्लू काळवंडते तेव्हा : रंग आणि ताण यांचा संबंध

स्वार्थासाठी भूमिका बदलणाऱ्या माणसाला 'सरड्यासारखा रंग बदलणारा' म्हणण्याची आपली रीत आहे. रंग बदलण्यात ज्याचा हातखंडा मानला जातो, त्या शॅमेलिऑनवर मात्र लबाडीचा हा आरोप अन्यायकारक आहे. आपल्याला थंडी वाजते आहे, भीती वाटते आहे की आपण निवांत आहोत, हे तो त्वचेच्या रंगातून उघडपणे सांगत असतो. नव्याने घरात आणलेले पिल्लू काळपट पडते तेव्हा त्याचे प्राण वाचणे बऱ्याच अंशी हा संदेश वेळेवर समजण्यावर अवलंबून असते.

शॅमेलिऑनची एक जाती भारतातही आढळते. मराठीत तिला घोयरा सरडा किंवा सरडगुहिरा म्हणतात. तिचा आढळ प्रामुख्याने गंगेच्या दक्षिणेकडील भारतात आणि श्रीलंकेत आहे. महाराष्ट्रातील झाडाझुडपांच्या प्रदेशातही ती दिसते. लखनौ हे गंगेच्या उत्तरेला, गोमतीच्या काठी वसलेले शहर आहे. तेथील बागांमध्ये लोक ज्याला 'गिरगिट' म्हणतात, तो बहुधा कॅलोटीस वंशातील सामान्य बागसरडा असतो. त्यामुळे लखनौच्या चारबाग परिसरातील एखाद्या घरात शॅमेलिऑनचे पिल्लू आले, तर ते दूरवरून आणलेले आहे, असेच बहुधा समजावे लागते. मुंबईहून चारबागपर्यंतचा रेल्वे प्रवासच जवळपास एक दिवसाचा आहे. चारबाग स्थानकावर तस्करीची कासवे जप्त झाल्याच्या घटना वेळोवेळी उघडकीस आल्या आहेत. खोक्यात किंवा पिशवीत, अंधारात, पाण्याविना आणि सतत हादरे सोसत असा प्रवास केलेल्या काही ग्रॅम वजनाच्या जिवाला घरी येताच दहा जणांनी हातात घेतले, तर त्याचा रंग उतरणे स्वाभाविक आहे.

<b>रंग बदलतो कसा?</b>

शॅमेलिऑन ज्या वस्तूवर बसतो तिचा रंग धारण करतो, हा समज चुकीचा आहे. लाल कापडावर ठेवल्याने तो लाल होत नाही. विश्रांतीच्या अवस्थेतील त्याचा हिरवा वा तपकिरी रंग पानाफांद्यांत मिसळून जातो हे खरे. पण त्याच्या रंगात झटपट होणारे बदल मुख्यत्वे तापमान, मनःस्थिती आणि इतर शॅमेलिऑनशी होणारा संवाद यांच्याशी निगडित असतात. दक्षिण आफ्रिकेतील खुज्या शॅमेलिऑनवरील एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रंग बदलण्याच्या क्षमतेचा विकास लपण्याच्या गरजेपेक्षा परस्परांना इशारे देण्याच्या गरजेतून झाला असावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

रंगबदलाची यंत्रणा २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी उलगडून दाखविली. मादागास्करमधील पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेत ग्वानीन या पदार्थाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांनी भरलेल्या पेशी असतात. प्राणी शांत असताना हे स्फटिक जवळजवळ असतात व निळा प्रकाश परावर्तित करतात. त्वचेतील पिवळ्या रंगद्रव्याशी मिळून तो आपल्याला हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधील अंतर वाढते आणि पिवळा, नारिंगी, तांबडा प्रकाश परावर्तित होऊ लागतो. स्फटिकांचा हा वरचा थर पूर्ण विकसित होतो तो केवळ प्रौढ नरांमध्ये. मादी आणि पिल्ले यांच्यात तो अल्प प्रमाणात असतो.

पिल्लू पाळणाऱ्याने ही बाब आवर्जून लक्षात ठेवावी. छायाचित्रातील प्रौढ नरासारखे रंग पिल्लात दिसले नाहीत, म्हणून ते आजारी ठरत नाही. पिल्लाच्या बाबतीत पाहायचे असते ते फिकट आणि गडद यांमधील अंतर. हा बदल मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या पेशी घडवून आणतात. मेलॅनिन पेशीच्या मध्याशी गोळा झाले की त्वचा उजळते आणि पेशीच्या शाखांमध्ये पसरले की ती काळवंडते.

<b>गडद रंगाचे अनेक अर्थ</b>

गडद रंग म्हणजे ताण, असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. शॅमेलिऑन शीतरक्ती असल्याने शरीराची ऊब त्याला बाहेरून मिळवावी लागते. गडद पृष्ठभाग अधिक उष्णता शोषतो. म्हणून सकाळी तो गडद होऊन उन्हात बसतो. कित्येकदा शरीराची उन्हाकडील बाजू काळपट व दुसरी फिकट दिसते. शरीर तापले की रंग उजळतो. हा आरोग्याचाच भाग आहे.

झोपेत रंग बराच फिकट होतो. कात टाकण्यापूर्वी त्वचा निस्तेज, पांढुरकी दिसते. पिल्ले वेगाने वाढत असल्याने ती प्रौढांपेक्षा अधिक वेळा कात टाकतात. हेही काळजीचे कारण नव्हे.

काळजी वाटावी असा गडदपणा निराळा असतो. पुरेशी ऊब मिळूनही रंग उजळत नाही, अंगावर गडद ठिपके वा पट्टे उमटतात आणि सोबत वागणुकीतही फरक पडतो. शरीर चपटे करणे, तोंड वासणे, फुत्कारणे, फांदीच्या मागे सरकत राहणे ही भीतीची लक्षणे आहेत. मात्र उष्णता असह्य झाल्यावरही शॅमेलिऑन तोंड उघडे ठेवतो. अशा वेळी त्याचा रंग बहुधा फिकट असतो. म्हणजेच रंग, तापमान आणि वागणूक ही तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय निदान करू नये.

शॅमेलिऑन परस्परांशी झुंजताना हार मानणारा प्राणी काळवंडतो, असे येमेन व सौदी अरेबियातील व्हेल्ड शॅमेलिऑनच्या अभ्यासात आढळले आहे. दोन पिल्ले एकाच पिंजऱ्यात ठेवली आणि त्यांतील एक सदैव गडद राहू लागले, तर ते दबावाखाली असण्याची शक्यता मोठी असते. मारामारी दिसत नाही, म्हणून सर्व आलबेल आहे असे मानता येत नाही. पिंजऱ्याच्या काचेतील स्वतःचे प्रतिबिंबही पिल्लाला प्रतिस्पर्धी वाटू शकते.

<b>लखनौच्या हवामानातील अडचण</b>

लखनौच्या हवामानात या निदानाची कसोटी लागते. जानेवारीत तेथील किमान तापमान सात-आठ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दाट धुक्यामुळे कधी कधी सूर्यदर्शनही होत नाही. अशा दिवसांत पिल्लू दिवसभर काळे राहिले, तर ते घाबरलेले असण्यापेक्षा गारठलेले असण्याचा संभव अधिक. शरीर थंड पडल्यावर पचनही मंदावते; त्यामुळे आधी उबेची सोय करावी व मगच खाद्य द्यावे. ऊब देणाऱ्या दिव्याखालील फांदीवर ३० अंशांच्या आसपास आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला त्याहून कमी तापमान असावे, म्हणजे पिल्लाला जागा निवडता येते. दिवा अंगाला टेकेल इतका जवळ नको. शॅमेलिऑन भाजेपर्यंत तेथेच बसून राहू शकतो.

बंद खिडकीतून येणारे ऊन पुरेसे आहे, हाही गैरसमज आहे. खिडकीच्या काचेतून ऊब मिळते, परंतु ड जीवनसत्त्व तयार होण्यास आवश्यक असलेले अतिनील-ब किरण साधी काच बहुतांशी अडवते. ते न मिळाल्यास कॅल्शियम शोषले जात नाही आणि वाढत्या वयातील हाडे मऊ होऊन वाकतात. उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जात असताना गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवलेला पिंजरा काही वेळातच जीवघेणा ठरू शकतो.

<b>पहिले काही दिवस</b>

नव्या पिल्लासाठी सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे त्याला एकटे सोडणे. वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा भासतो. पिंजरा वर्दळीपासून दूर, शक्यतो माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवावा. उंचावर बसल्याने शॅमेलिऑनला सुरक्षित वाटते. आत दाट पाने आणि बारीक फांद्या असाव्यात. लपायला जागा मिळाली की तो कमी लपतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

वाटीतील साचलेले पाणी बहुधा त्याच्या ध्यानात येत नाही. पानांवरचे थेंब चाटून तो तहान भागवतो. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा पानांवर पाणी फवारावे, परंतु प्राण्याच्या अंगावर मारू नये. लहान किडे थोडे थोडे द्यावेत आणि उरलेले काढून घ्यावेत. सुरुवातीचे एक-दोन दिवस भूक मंद असू शकते.

दिवसा डोळे मिटून बसणे, डोळे खोल जाणे, पकड सैल होऊन फांदीवरून पडणे, पाय वाकणे, विष्ठेतील पांढरा भाग गडद नारिंगी होणे ही मात्र गंभीर लक्षणे आहेत. यांपैकी एकही दिसल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे विनाविलंब जावे. पिल्लाच्या शरीरात पाण्याचा व शक्तीचा साठा अल्प असतो. प्रौढ प्राणी काढू शकेल तेवढे दिवस ते काढू शकत नाही.

<b>कायदा काय सांगतो?</b>

भारतीय शॅमेलिऑनला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्याला पकडणे, विकणे अथवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. असे पिल्लू कोणी आणून दिले किंवा विकत देऊ केले, तर उपचारांचे प्रयोग न करता वनविभागास कळवावे. मध्येच कोठेतरी बागेत सोडणे हाही उपाय नव्हे. लखनौसारख्या ठिकाणी ते त्याच्या नैसर्गिक अधिवासाबाहेर सोडणे ठरेल.

विदेशी शॅमेलिऑनच्या बहुतेक जाती 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट आहेत. अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावरून नोंदणीचा अर्ज करणे बंधनकारक आहे. विक्रेता कागदपत्रे दाखवीत नसेल, तर तो प्राणी घेऊ नये. अशा पिल्लाचा ताण विक्रेत्याकडे येण्याच्या कितीतरी आधी, त्याला पकडले गेले त्या क्षणापासूनच सुरू झालेला असू शकतो.