गल्लीची राखण: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: गुन्हे रोखणं हे एकट्या पोलिसांचं काम आहे.
वस्तुस्थिती: यंत्रमागांच्या भिवंडीने १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली सोसल्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. गल्लीतली साधी हिंदू आणि मुस्लिम माणसं पोलिसांसोबत नियमित एकत्र बसू लागली. भांडण लहान असतानाच तिथे त्याची चर्चा व्हायची, त्यामुळे ते चिघळायच्या आत मिटवता यायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, सुमारे ९०० माणसं गेली. भिवंडी मात्र शांत राहिली. पुढे १९९४ मध्ये मुंबईतही मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे तिच्या अग्रभागी होते. भिवंडीतली ही ओळखपाळख दंगलीच्या रात्री जमवलेली नव्हती. तिच्यामागे चार वर्षांचं बसणं-उठणं होतं.

गैरसमज: सीसीटीव्ही बसवला की निर्धास्त झोपावं.
वस्तुस्थिती: कॅमेऱ्यांविषयीच्या ४० वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सर्वाधिक फायदा वाहनतळांवर झाला; हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम आढळला नाही. कॅमेरा उपयोगाचा आहेच, पण अनोळखी माणसाला ‘कोणाकडे आलात?’ असं विचारणारा शेजारी त्याला बसवता येत नाही.

गैरसमज: संशयित सापडला की लोकांनीच त्याला धडा शिकवावा.
वस्तुस्थिती: १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे निरपराध लोक होते. आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य नागरिकालाही गुन्हेगाराला धरता येतं. पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावंच लागतं. मारहाणीचा अधिकार कायदा कोणालाच देत नाही. राखण करणारी समिती आणि चालून जाणारा जमाव यांतला फरक प्रत्येक गस्तीच्या गटाला पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

गैरसमज: दुसऱ्या हद्दीतला गुन्हा असेल तर पोलीस ठाणं परत पाठवू शकतं.
वस्तुस्थिती: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्द कुठली, हा प्रश्न नंतरचा. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. तातडीची मदत ११२ वर मिळते, तर ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर कळवावं.

तुमच्या भागाच्या बीट अंमलदाराचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर या आठवड्यात चार शेजारी मिळून चौकीवर जा आणि ओळख करून घ्या. कसलीही तक्रार नसतानाच जा. अफवेच्या रात्री फोन कोणाला करायचा, हे तेव्हा शोधावं लागणार नाही.