डाव्या बाजूचा आवाज

गेल्या श्रावणातील गोष्ट आहे. सावद्यात तीन दिवस झड लागली होती. केळीची कापणी थांबल्याने पुतण्या आडतीवरून लवकर घरी आला आणि ओल्या छत्रीसकट माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "काका, ताईसाठी नवा लॅपटॉप घ्यावा लागेल. जुन्याचा आवाज गेला."

ताई म्हणजे त्याची थोरली मुलगी. सी. ए. च्या इंटरमीजिएट परीक्षेची तयारी करते. शिकवणी पुण्याची, पण ऑनलाइन. रोज सायंकाळी सहा ते नऊ. एकत्र कुटुंबात त्या वेळी घरात काय गलका असतो, हे आपणा वाचकांना सांगावयास नको. त्यामुळे हेडफोन हा तिच्यासाठी चैनीचा नव्हे, गरजेचा विषय आहे. चार दिवसांपासून हेडफोनच्या डाव्या बाजूने आवाज येईनासा झाला होता. एका कानाने तीन तास ऐकून तिचे डोके ठणकत असे, आणि परीक्षा तोंडावर आली होती. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडूनही न पाहता निदान केले होते, "पोर्ट गेला आहे, बोर्ड बदलावा लागेल, सात-आठ हजार खर्च येईल. त्यापेक्षा नवीन घेतलेला परवडेल."

मी पुतण्याकडून एक दिवस मागून घेतला. संगणकशास्त्र मी शिकलेलो नाही, मी एम. कॉम. आहे आणि माझे सारे आयुष्य बँकेच्या शाखांमध्ये गेले. पण न जुळणारी तेरीज जुळवण्यात मी अनेक रात्री घालवल्या आहेत. तेथे पहिला धडा असा की, फरक सापडण्याआधी वही बदलायची नाही. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी; ५४०० च्या जागी ४५०० लिहिले, तर फरक ९०० येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडली आहे का, ते पाहावे. आणि यांतले काहीच लागू पडले नाही, तर वही मधोमध विभागावी. अर्धा भाग जुळला की चूक उरलेल्या अर्ध्यात आहे हे निश्चित होते. मग त्याचा पुन्हा अर्धा.

लॅपटॉपच्या आवाजाचेही तसेच करता येते, हे मला त्या सायंकाळी उमगले. येथे वहीचे दोन भाग म्हणजे हेडफोन आणि लॅपटॉप. ताईचा हेडफोन आम्ही माझ्या मोबाइलला लावला. दोन्ही बाजूंनी स्वच्छ आवाज आला. म्हणजे हेडफोन निर्दोष. मग धाकट्याचा हेडफोन लॅपटॉपला लावला. डावी बाजू पुन्हा मुकी. दोष लॅपटॉपमध्ये आहे हे ठरले. पण लॅपटॉपचेही दोन भाग असतात, एक हाताला लागणारा आणि दुसरा पडद्यामागचा, म्हणजे आज्ञावलीचा. हाताला लागणारा भाग खर्चाचा, आज्ञावलीचा भाग फुकटाचा. तेव्हा आधी फुकटाचा तपासावा, एवढा व्यवहार व्यापारी घरात कोणालाही कळतो.

लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला. बऱ्याच तक्रारी येथेच मिटतात. आमची मिटली नाही. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', त्यात 'साउंड', तेथे हेडफोनच्या नावावर टिचकी दिली. खाली डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन स्वतंत्र दांडे दिसले. उजवा १०० वर होता, डावा शून्यावर. डावा ओढून १०० वर नेला आणि ताई एकदम ओरडली, "आजोबा, आला!" धाकटे चिरंजीव चार दिवसांपूर्वी 'खेळातला आवाज वाढवण्यासाठी' तेथे काहीतरी चाळवून गेले होते, हे यथावकाश कबूल झाले. खर्च शून्य. तो दुरुस्तीवाला लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्याने तपासले नाही, एवढेच.

ही वार्ता गल्लीत पसरली आणि आमच्याकडे गाऱ्हाणी येऊ लागली. त्यांतून जे शिकलो ते सांगतो.

सर्वांत जास्त तक्रारी अशा असतात की, आवाज येत असतो, पण भलतीकडे जात असतो. एका व्यापारी मित्राने लॅपटॉप केबलने दूरचित्रवाणी संचाला जोडला होता आणि हेडफोनमध्ये आवाज नाही म्हणून तो वैतागला होता. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील कर्ण्याच्या चिन्हावर टिचकी देऊन बाजूचा बाण दाबला, की आवाज कोठे पाठवायचा त्याची यादी उघडते. त्यात टीव्हीची निवड होती; हेडफोन निवडला आणि काम झाले. शिवाय झूम, गूगल मीट, टीम्स यांची स्वतःची वेगळी निवड असते. लॅपटॉपने हेडफोन निवडला तरी ती मंडळी जुनीच निवड धरून बसतात, जसे मुख्य कार्यालयाचे परिपत्रक निघूनही एखादी शाखा जुन्याच दराने व्याज लावत राहते.

ब्लूटूथचे प्रकरण निराळे. एका घरात चार मोबाइल, दोन लॅपटॉप आणि एकच बिनतारी हेडफोन. हे 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीचे संयुक्त खाते झाले; जो आधी पोहोचेल तो रक्कम काढून नेतो. हेडफोन सुरू होताच वडिलांच्या खिशातल्या मोबाइलला जाऊन चिकटतो आणि मुलगी लॅपटॉपला दोष देत बसते. तेवढ्यापुरते त्या मोबाइलचे ब्लूटूथ बंद करावे. दुसरी तक्रार अशी की, गाणे सुरेख ऐकू येते, पण सभा सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. हा बिघाड नाही. बऱ्याच ब्लूटूथ हेडफोनमध्ये ऐकण्याची उत्तम वाट एकेरी असते. हेडफोनचाच माइक सुरू केला की दुहेरी, पण अरुंद वाट वापरली जाते. सभेत माइक म्हणून लॅपटॉपचा निवडावा आणि हेडफोन केवळ ऐकण्यासाठी ठेवावा.

तारेच्या हेडफोनची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. एक वयस्कर भगिनी म्हणाल्या, "स्तवन लावले की वाजंत्री ऐकू येते, गाणारा मात्र गायब!" मलाही आधी खरे वाटले नाही. त्या पिनेकडे नीट पाहिले तर काळ्या रेघांनी तिचे भाग पाडलेले दिसतात: टोक डाव्या आवाजाचे, त्यानंतरचे कडे उजव्याचे, मग दोघांची सामाईक परतीची वाट, आणि माइक असल्यास चौथा भाग त्याचा. पीन पुरती आत गेली नाही किंवा परतीची तार तुटली, तर डाव्या-उजव्यात जे समान आहे ते एकमेकांना खोडून काढते आणि फक्त फरक उरतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखा ध्वनिमुद्रित केलेला असतो. तोच नाहीसा होतो. पीन 'टक्' होईपर्यंत दाबली आणि गायक परत आला. या पिनेचे पूर्वज टेलिफोन एक्स्चेंजच्या फळ्यांवरचे, पाव इंच जाडीचे. दिल्लीचा भाव विचारण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवून ताटकळलेले आपल्याकडचे केळीचे जुने व्यापारी त्या पिनेचेच ऋणी होते म्हणायचे. आजची साडेतीन मिलिमीटरची पीन १९७९ च्या सोनी वॉकमननंतर घरोघरी पोहोचली.

खानदेशातल्या उन्हाळ्यात धूळ सर्वत्र शिरते, तशी ती या छिद्रातही शिरते. लॅपटॉप बंद करून, कोरड्या लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने ती काढावी. टाचणी कदापि घालू नये. पीन हलवल्यावर आवाज येत-जात असेल आणि दुसऱ्या हेडफोनलाही तसेच होत असेल, तर मात्र छिद्राचे जोड सैल झाले आहेत. तेथे दुरुस्तीवाल्याकडेच जावे. तोवर शे-दोनशे रुपयांचा यूएसबीचा छोटा जोड लावूनही काम भागते, कारण तो त्या छिद्राला वळसा घालून आवाज बाहेर काढतो.

आता माझी स्वतःची तक्रार. पर्युषणात मी लॅपटॉपवर प्रवचन ऐकत होतो. डावीकडचा आवाज मंद वाटला. आता मी या विषयातला जाणकार झालो होतो! दांडे तपासले, दोन्ही १०० वर. हेडफोन मोबाइलला लावला, तरी डावी बाजू मंद. म्हणजे हेडफोन सदोष, असा निकाल मी देऊन टाकला. ताई शेजारी बसून वही लिहीत होती. ती म्हणाली, "आजोबा, एकदा उलटा घालून बघा ना." उजवी वाटी डाव्या कानावर, डावी उजव्यावर. हेडफोनचा दोष असता तर मंदपणा बाजू बदलून उजव्या कानाकडे यायला हवा होता. तो डावीकडेच राहिला.

मी हेडफोन काढून ठेवला. ताईने वहीतून मान वर केली नाही. तिला समजले होते असे मला वाटते. आमच्या सौ. दोन वर्षांपासून म्हणत होत्या की, डाव्या बाजूने हाक मारली तर मी ओ देत नाही. मी त्यावर, "तू पुटपुटतेस," असे उत्तर देत असे. बँकेत ग्राहकाच्या तोंडी तक्रारीचीही नोंद घेणारा मी, घरच्या तक्रारीची नोंद कधी घेतली नव्हती.

जळगावला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवले. त्यांनी आधी मळ काढला, मग श्रवणक्षमतेचा आलेख काढला. उजवा कान वयाच्या मानाने ठीक, डाव्या कानाने उंच पट्टीचे ध्वनी गमावलेले. स, श, फ, थ ही अक्षरे तेथेच असतात. म्हणून आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. दोन कानांत असा फरक आढळला की कारण शोधावेच लागते, असे सांगून त्यांनी आणखी तपासण्या करवल्या. त्यांत चिंतेचे काही निघाले नाही. त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली. एका कानाचे ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक गेले, तर 'मळ असेल' म्हणून थांबू नये. त्या दुखण्यावर उपचार पहिल्या काही दिवसांतच खरा उपयोगी पडतो.

मंद आवाजावर मी इतके दिवस एकच उपाय करत आलो होतो: आवाज वाढवणे. तो वाढीव आवाज चांगल्या कानावरही पडत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढीमागे वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ ला २० तास आणि ९० ला जेमतेम ४. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची. रोज तीन तास शिकवणी ऐकणाऱ्या ताईचा आवाज आता आम्ही निम्म्याच्या खाली ठेवला आहे. गलका कानावर येऊ नये म्हणून ती आवाज चढवत असे. तेव्हा सहा ते नऊ घरातला टीव्ही बंद, असा ठराव सौ. नी मांडला आणि तो एकमताने नसला तरी बहुमताने संमत झाला.

दिवाळीनंतर मी डाव्या कानाला श्रवणयंत्र घेतले, ब्लूटूथचे. घरी येऊन मोठ्या उत्साहाने लॅपटॉपवर प्रवचन लावले. काहीच ऐकू येईना. मी दांडे तपासले, यादी तपासली, लॅपटॉप बंद करून सुरू केला. शेवटी ताई आली आणि तिने माझ्या सदऱ्याच्या खिशातला मोबाइल काढून त्याचे ब्लूटूथ बंद केले.