शांती बर्धन : माणसांना बाहुल्या करणारा नर्तक

बॅले म्हटले की पावलांच्या अग्रांवर तोल सावरणारी रशियन नर्तकी आठवते. भारतात मात्र हा शब्द कथा सांगणाऱ्या समूहनृत्याला चिकटला आणि त्याला घडविणाऱ्यांत शांती बर्धन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

1916 साली कोमिल्ला येथे जन्मलेले बर्धन उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील केंद्रात दाखल झाले. युद्धकाळात ते केंद्र बंद पडले. बंगालच्या दुष्काळाने व्यथित झालेल्या कलावंतांनी ‘इप्टा’चे पथक मुंबईत अंधेरीला उभारले होते, त्याची नृत्यरचना बर्धन यांच्याकडे आली. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इमॉर्टल’ या रचना तेथेच आकारास आल्या. दुसरीचे संगीत रविशंकर यांचे होते.

पुढे क्षयाने शरीर पोखरले. ज्याचे साधनच देह, त्याला स्वतः नाचता येईना, तेव्हा काय उरते? बर्धन यांनी याच काळात, 1952 मध्ये, ‘लिटल बॅले ट्रूप’ स्थापन केली आणि ‘रामायण’ हाती घेतले.

त्यातील कल्पना विलक्षण होती. जत्रेतील कठपुतळ्यांचा खेळ रंगमंचावर यावा, पण बाहुल्या म्हणून जिवंत नर्तकच उभे राहावेत. पिंगुळीच्या ठाकरांचे कळसूत्री खेळ पाहिलेल्या गोव्याच्या रसिकास त्यातील अडचण लगेच कळेल. बाहुलीचा हात दोरीने वर जातो, खांद्याच्या बळाने नव्हे. मान एकदम वळते, मध्ये थांबत नाही. नर्तकाची सारी तालीम अंगातील प्रवाहीपणा कमावण्यासाठी असते. येथे तोच सोडून द्यायचा होता. चेहऱ्यावर मुखवटा असल्याने भावमुद्राही हाती उरत नाही. राग, शोक, भीती सगळे धडाच्या कोनांतून आणि झटक्यांच्या वेगातून दाखवायचे. अभिनयाच्या परंपरेत वाढलेल्यांना ही शिक्षाच वाटावी. प्रत्यक्षात बर्धन यांच्या कामात हीच रचना सर्वाधिक टिकली.

‘पंचतंत्र’ हे त्यांच्या हातचे शेवटचे काम. 1954 मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पत्नी गुल बर्धन आणि सहकारी प्रभात गांगुली यांनी मंडळी मोडू दिली नाही. ती मुंबईहून ग्वाल्हेरला आणि तेथून भोपाळला गेली. मध्य प्रदेशच तिचे घर झाले. 2010 साली गुल बर्धन यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर ‘रामायण’ नर्तकांच्या नव्या पिढ्यांनी बसविले होते.