ओढ सोसणारे विणकाम

क्रोशाची सुई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? दारावरचे तोरण, टेबलावरचा रुमाल, बाळाचे टोपडे आणि लग्नात रुखवतावर मांडलेल्या नाजूक वस्तू. या वस्तू पाहायच्या असतात. त्यांच्यावर कुणी भार टाकत नाही. म्हणून याच सुईने कुत्र्याला फिरायला नेण्याचा पट्टा विणता येतो असे सांगितले की ऐकणारा हसतो. 'दोऱ्याच्या जाळीने कुत्रा आवरणार का?' असे विचारतो. हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भर रस्त्यात पट्टा तुटला तर कुत्रा गाडीखाली जाईल, नाहीतर एखाद्या लहान मुलाच्या अंगावर धावेल. तेव्हा उत्तर हिशेबाने दिले पाहिजे.

हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाचाच आहे. समजा, २० किलो वजनाचा कुत्रा मांजर पाहून सेकंदाला ५ मीटर वेगाने धावला आणि पट्टा ताणला जाऊन पाव मीटर अंतरात थांबला. त्या क्षणी पट्ट्यावर सुमारे १,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १०० किलोचा भार पडतो. स्वतःच्या वजनाच्या पाचपट! तोच कुत्रा अर्ध्या मीटरात थांबला तर भार निम्मा होतो. यावरून दोन गोष्टी कळतात. पट्टा कुत्र्याच्या वजनाला नव्हे, त्याच्या हिसक्याला पुरला पाहिजे. आणि तो थोडासा लवचीक असला तर धरणाऱ्याच्या खांद्याला व कुत्र्याच्या मानेला बरेच.

पण नुसत्या क्रोशाच्या विणीत लवचीकपणा गरजेपेक्षा जास्त असतो. याचे कारण तिच्या रचनेत आहे. मागावरच्या कापडात धागे बहुतेक सरळ जातात. क्रोशात एका फासातून दुसरा फास काढलेला असतो. ओढ बसली की आधी हे वाकडे फास सरळ होऊ लागतात आणि वीण लांबते. रोजच्या ओढीने असा पट्टा हळूहळू लांब व अरुंद होत जातो आणि हाताला काचू लागतो.

यावर उपाय असा, की भार विणीवर टाकायचाच नाही. आत एक मजबूत दोरी ठेवायची आणि तिच्याभोवती वीण घालायची. ओढ आतली दोरी घेते. बाहेरची सुती वीण हाताला मऊ पकड देते आणि दोरीला घासण्यापासून वाचवते. बाहेरून लोकरही चालेल असे वाटेल, पण ती लवकर विटते. सुताचा आणखी एक गुण असा, की ते ओले झाल्यावर कमकुवत होत नाही, उलट थोडे बळकटच होते. पावसाळ्यात याचा उपयोग कळतो.

पाच फुटी पट्ट्यासाठी ४ मिलिमीटर जाडीची, गुंफलेल्या विणीची नायलॉनची दोरी १५ फूट घ्यावी. ३ मिलिमीटरची सुती दोरी ५० मीटर घेतली तर कमी पडू नये. ५ मिलिमीटरची क्रोशाची सुई आणि पितळी किंवा पोलादी, फिरकीचा हुक हवा. किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसला हलका हुक वापरू नये.

प्रथम सुती दोरीची ७६ इंच लांब साखळी घालावी. मग नायलॉनची दोरी बरोबर मध्यावर दुमडावी, ती घडी हुकाच्या कडीतून बाहेर काढावी आणि दोरीची दोन्ही टोके त्या घडीतून ओढून घ्यावीत. इथे वेगळी गाठ लागत नाही. ओढ वाढते तशी पकड घट्ट होते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. दोरी बहुधा मध्येच तुटत नाही, ती गाठीपाशी तुटते. साध्या गाठीने दोरीची ताकद निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते.

आता दोरीचा एक पदर साखळीच्या कडेला धरून प्रत्येक साखळीत एक मुका खांब घालत जावे. मुका खांब म्हणजे बुटका आणि घट्ट टाका. सुई साखळीतून घालून दोरा आणताना तो नायलॉनच्या पदरावरून यावा, म्हणजे पदर टाक्याच्या पोटात झाकला जातो. मुठीकडच्या टोकाशी पोहोचल्यावर शेवटच्या साखळीत तीन टाके घालून वळावे आणि साखळीच्या दुसऱ्या बाजूने, दुसऱ्या पदरावर, तसेच विणत परत हुकापाशी यावे. पहिल्या पदराचे उरलेले टोक मुठीकडे बाहेर राहू द्यावे, दुसऱ्याचेही तसेच. टाके आवळून घातले तर पट्टा वाकतो, सैल घातले तर दोरी बाहेर डोकावते. दर हातभर विणून झाल्यावर पट्टा जमिनीवर सरळ ठेवून पाहावा.

मुठीसाठी शेवटचे १६ इंच मागे दुमडावेत. त्यांतले १२ इंच फासात जातात, ४ इंच पट्ट्यावर पडतात. हे चार इंच मेण लावलेल्या जाड दोऱ्याने, चपला शिवणारे कारागीर घालतात तशा दुहेरी टाक्यांनी शिवावेत. सुई आतल्या नायलॉनमधूनही गेली पाहिजे, नुसत्या विणीतून नव्हे. उरलेली दोन्ही टोके पट्ट्याभोवती गुंडाळून बांधावीत, मेणबत्तीवर जरा वितळवून बंद करावीत आणि सुती टाक्यांनी झाकावीत.

यानंतर परीक्षा. मजबूत फांदीला मूठ अडकवून हुकाला सिमेंटची ५० किलोची दोन पोती जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगावीत आणि आपण दूर उभे राहावे. टाके उसवले नाहीत, हुक उघडला नाही, तरच पट्टा कुत्र्याला लावावा. पुढेही कुत्र्याने चावून आतली दोरी उघडी पाडली, की तो पट्टा टाकून द्यावा.

आणखी एक भान हवे. हा पट्टा बरोबर चालण्यासाठी आहे, दिवसभर बांधून ठेवण्यासाठी नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमानुसार जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने वा दोरीने अवाजवी काळ बांधणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हेही त्याच कलमात बसते. पट्टा कितीही देखणा असला तरी तो खुंटीलाच लटकत राहिला तर काय उपयोग?

आता मूळच्या हसण्याकडे वळू. गावाकडे अंबाडीचे किंवा घायपाताचे दावे वळणाऱ्या माणसाला कुणी 'छान हौस आहे' असे म्हणत नाही. ते काम समजले जाते. घरातली बाई सुईने तितक्याच कौशल्याचे विणते, तेव्हा ती हौस ठरते. मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर १९८२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात हेच दिसते. त्यांची लेस जगाच्या बाजारात विकली जात होती, पण त्या स्त्रिया 'फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी' म्हणूनच ओळखल्या जात होत्या. आयर्लंडमध्ये तर १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसने कित्येक कुटुंबांना आधार दिला होता.

म्हणजे या सुईने भार पूर्वीही पेललेला आहे; तो मोजला गेला नाही इतकेच. पट्ट्याचे बरे आहे. फांदीला शंभर किलो टांगले, की त्याची ताकद सर्वांना दिसते. रुखवतावरच्या रुमालामागे किती रात्रींची नजर खर्ची पडली, ते तोलायला तसा काटा नाही. निदान तो रुमाल पाहताना 'हौस छान आहे' म्हणण्याऐवजी 'काम छान आहे' एवढे तरी आपण म्हणू शकतो.