पुसदचं टाकं, संत्र्याची बाग

संत्र्याची फळगळ सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यात पहिला हात खताच्या पोत्याकडे जातो. दोष मात्र अनेकदा जमिनीत असतो. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो. जस्त आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही त्याची खूण. पावसाळ्यात हीच जमीन पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. कुजलेलं सेंद्रिय खत दोन्ही दुखण्यांवर चालतं. त्यातली आम्लं जस्त-लोह विरघळलेलं ठेवतात. जिवाणूंमुळे माती रवाळ होते, पाण्याचा निचरा सुधारतो.

जनावरं कमी झाली, आता शेण आणायचं कुठून, असा प्रश्न शेतकरी विचारतात आणि तो रास्तच आहे. त्याचं उत्तर याच जिल्ह्यात, पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी दिलं. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखलं जाणारं ‘नाडेप’ टाकं 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच असतं. विटांच्या भिंतीत हवेसाठी झरोके ठेवतात. काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर देऊन वरून लिंपायचं. जेमतेम 100 किलो शेणात, तीन-चार महिन्यांत, सुमारे 3 टन खत निघतं. मोठ्या झाडाला 50 किलो धरलं तर ते 60 झाडांना पुरतं. 6 बाय 6 मीटरवर एकरात साधारण 110 झाडं बसतात. म्हणजे वर्षातून दोनदा भरलेलं एक टाकं एकराची गरज भागवतं. पऱ्हाटी तेवढी बारीक करून घालावी, अख्खी लवकर कुजत नाही.

एवढ्या खतातून नत्र कितीसं मिळणार, हा आक्षेपही खरा आहे. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. 50 किलोत पाव किलो. भर बहारातल्या झाडाची भूक त्याहून मोठी, म्हणून माती परीक्षण करून रासायनिक खताची जोड द्यावीच लागते. पण सेंद्रिय खताचं मोल केवळ नत्राच्या वजनावर ठरत नाही. पोत्यातलं खत मुळांपर्यंत पोचतं ते त्याच्यामुळेच. गुण यायला दोन-तीन हंगाम लागतात. कच्चं शेण टाकलं तर हुमणी आणि वाळवी येते, बुंध्याशी ढीग केला तर डिंक्याला आमंत्रण. मुठीत घेतल्यावर पावसाळी मातीचा वास येणारं खत, अंबिया बहाराचा ताण सोडताना, झाडाच्या घेराखाली पसरून मातीत मिसळावं. धुऱ्यावर पेटवली जाणारी पऱ्हाटी आणि तुराटी म्हणजे बागेच्या तोंडचा घास आहे. तो जाळू नये.